डीजे स्टेंटचं कोडिंग: ऑपरेशन नोटमधून नेमका कोड कसा काढायचा

युरॉलॉजीच्या क्यूमध्ये नव्याने आलेल्या कोडरला, म्हणजे डॉक्टरांची नोट वाचून बिलासाठी कोड लावणाऱ्याला, नोटमध्ये डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची नळी) दिसला की त्याचा हात आपोआप ५२३३२ या कोडकडे जातो. पुष्कळदा तो कोड बरोबरही असतो, म्हणून तर सवय लागते. मग एक दिवस त्याच चार्टमध्ये लेझरने खडा फोडलेला असतो, किंवा स्टेंट पाठीतून घातलेला असतो, किंवा नोटमध्ये ज्याला स्टेंट म्हटलंय ती नळी शस्त्रक्रिया संपताना काढून घेतलेली असते. कोड तोच टाकलेला असतो. क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता-तपासणीत, एरर लागते, आणि क्यूएतूनही सुटला तर पुढे डिनायल येतो, म्हणजे विमा कंपनी क्लेम नाकारते.

हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात बसून अमेरिकन क्लायंटचे सर्जरी चार्ट करणाऱ्यांसाठी, आणि बी.फार्म., बीएएमएस किंवा फिजिओथेरपी करून या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. इथल्या हॉस्पिटलात टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) डेस्क सांभाळणाऱ्यांसाठीही पुढे थोडं आहे. सीपीटीचे, म्हणजे प्रोसिजरचे, कोड अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे. ते दर १ जानेवारीला बदलतात. निदानाच्या आयसीडी-१०-सीएम कोडचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि कोणते कोड एकत्र लावता येत नाहीत हे सांगणारे एनसीसीआय एडिट्स तर दर तिमाहीला येतात. तेव्हा कोड टाकताना शस्त्रक्रियेच्या तारखेला लागू असलेली आवृत्ती उघडा. इथे सगळं देवनागरीत लिहिलंय. सिस्टीममध्ये एन, टी, झेड ही अक्षरं अर्थातच रोमनमध्ये जातील.

आधी शरीर, मग कोड

मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी मूत्रवाहिनी, म्हणजे युरेटर, प्रौढ माणसात साधारण २२ ते ३० सेंटीमीटर लांब असते. ती तीन जागी अरुंद होते: मूत्रपिंडातून बाहेर पडताना, कमरेतल्या इलियाक रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. मुतखडा अडकतो तो बहुधा यांतल्याच एखाद्या जागी. पहिल्या जागेला अमेरिकन नोटमध्ये यूपीजे आणि शेवटच्या जागेला यूव्हीजे म्हणतात. आपल्याकडचे डॉक्टर त्यालाच पीयूजे आणि व्हीयूजे म्हणतात, गोंधळू नका.

मूत्राशयातून बाहेर जाणारा मार्ग म्हणजे युरेथ्रा. युरेटर आणि युरेथ्रा यांची गल्लत झाली की कोड भलत्याच पानावर जातो, कारण युरेथ्रातल्या कायमस्वरूपी स्टेंटचा कोड ५२२८२ हा वेगळाच आहे. डिक्टेशनवरून टाइप झालेल्या नोटमध्ये ही चूक प्रत्यक्षात सापडते. वाक्यात ‘राइट’ किंवा ‘लेफ्ट’ असेल तर युरेटर, कारण युरेथ्रा एकच असते.

स्टेंट म्हणजे पॉलियुरेथेनची, सिलिकॉनची किंवा तत्सम मिश्र पॉलिमरची मऊ पोकळ नळी. जाडी फ्रेंचमध्ये मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे नेहमीचा ६ फ्रेंचचा स्टेंट २ मिलिमीटर जाड. प्रौढांसाठी लांबी बहुतेक वेळा २२ ते २८ सेंटीमीटर. १९६७ मध्ये झिमस्किंड आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून सिलिकॉनची सरळ नळी घालून ती आत ठेवल्याचं प्रसिद्ध केलं. पण सरळ नळी जागेवर टिकत नाही, वरखाली सरकते. १९७८ मध्ये फिनी यांनी दोन्ही टोकं वळवलेला डबल-जे स्टेंट मांडला आणि हा प्रश्न बराचसा सुटला. एक वळण मूत्रपिंडात अडकतं, दुसरं मूत्राशयात. सीपीटीच्या भाषेत हा ‘सेल्फ-रिटेनिंग’, स्वतःहून टिकून राहणारा स्टेंट. हा शब्द डोक्यात पक्का ठेवा, कारण अर्धं कोडिंग त्यावर उभं आहे.

आता टेबलावर काय होतं ते. रुग्णाला भूल देऊन लिथॉटॉमी पोझिशनमध्ये झोपवतात. सिस्टोस्कोप, म्हणजे दुर्बीण, युरेथ्रातून मूत्राशयात जातो. डॉक्टर मूत्रवाहिनीचं तोंड शोधतात आणि त्यातून साधारण ५ फ्रेंचचा, टोकाला उघडा कॅथेटर आत सरकवून डाय सोडतात. एक्स-रेवर दिसणारं ते चित्र म्हणजे रेट्रोग्रेड पायलोग्राम. मग खड्याच्या बाजूने गाइडवायर मूत्रपिंडापर्यंत नेतात, आणि तारेत मणी ओवावा तसा स्टेंट तिच्यावरून वर सरकवतात. मागून पुशर लावतात. तार ओढून घेतली की वरचं टोक मूत्रपिंडात वळतं, ते फ्लुरोस्कोपीवर, म्हणजे चालू एक्स-रेवर, दिसतं. खालचं टोक मूत्राशयात वळलेलं डॉक्टर दुर्बिणीतून डोळ्यांनी पाहतात. ही दोन वळणं दिसल्याचं वाक्य नोटमध्ये शोधायचंच. ते सापडलं की स्टेंट खरोखर बसला आणि तो आत राहिला, याचा पुरावा तुमच्या हातात आला.

पहिला प्रश्न: रुग्ण टेबलावरून उठला तेव्हा आत काय राहिलं?

नोटच्या मथळ्यावर भरवसा ठेवू नका. मथळा बहुतेकदा टेम्प्लेटमधून येतो, कधी तो शस्त्रक्रियेच्या आधी ठरलेल्या बेतावरून भरलेला असतो. खालचा प्रोसिजरचा परिच्छेद शेवटापर्यंत वाचा, आणि त्यातही शेवटची चार-पाच वाक्यं दोनदा.

डीजे स्टेंट आत ठेवला असेल आणि तो सिस्टोस्कोपमधून घातला असेल, तर ५२३३२.

शस्त्रक्रियेच्या काळापुरती नळी घातली आणि शेवटी काढून घेतली, तर ५२३३२ नाही. युरेटरोस्कोपीच्या (मूत्रवाहिनीत दुर्बीण नेण्याच्या) वेळी तात्पुरता स्टेंट घालणं आणि काढणं हे मुख्य प्रोसिजरमध्येच धरलं जातं, असं सीपीटीच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत हमखास फसायला होतं. आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या ऑपरेशनआधी युरॉलॉजिस्ट येतात आणि मूत्रवाहिन्या हाताला ओळखता याव्यात म्हणून दोन्हींत कॅथेटर घालून जातात. नोटमध्ये ‘बायलॅटरल युरेटरल स्टेंट्स’ असं बिनधास्त लिहिलेलं असतं. ते ऑपरेशनच्या शेवटी काढले असतील, तर ती युरेटरल कॅथेटरायझेशन झाली. कोड ५२००५.

रात्रभर किंवा दोन दिवसांसाठी सरळ कॅथेटर आत ठेवून तो बाहेर फोलीला (मूत्राशयातल्या लघवीच्या नळीला) टेपने चिकटवला, असंही दिसेल. तो सेल्फ-रिटेनिंग नाही, म्हणून ५२३३२ ला पात्र नाही.

दुसरा प्रश्न: कोणत्या वाटेने गेला?

स्टेंट तोच, पण वाट बदलली की कोडचं कुटुंबच बदलतं.

खालून, सिस्टोस्कोपने: ५२३३२.

पाठीतून, त्वचेमधून: ५०६९३, ५०६९४ किंवा ५०६९५. हे बहुधा इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टचं काम. नेफ्रॉस्टॉमीचा, म्हणजे पाठीतून थेट मूत्रपिंडात जाणारा, मार्ग आधीपासून तयार असेल तर ५०६९३. नवीन मार्ग केला आणि वेगळी नेफ्रॉस्टॉमी नळी ठेवली नाही तर ५०६९४. नवीन मार्ग केला आणि नळीही ठेवली तर ५०६९५. या तिन्ही कोडमध्ये नेफ्रॉस्टोग्राम आणि इमेजिंगचं सगळं मार्गदर्शन धरलेलं आहे, तेव्हा रेडिऑलॉजीचा कोड वेगळा लावू नका.

उघड्या शस्त्रक्रियेने मूत्रवाहिनी चिरून: ५०६०५. क्वचितच येतो.

पीसीएनएलचं, म्हणजे पाठीतून मूत्रपिंडात शिरून खडा काढण्याचं, एक सांगायला हवं. २०२३ पासून ५००८० आणि ५००८१ यांचे मजकूर बदलले. वरून खाली, म्हणजे अँटिग्रेड, घातलेला स्टेंट आणि नेफ्रॉस्टॉमी नळी आता त्यांतच येते. त्याआधीच्या नोट्सवर शिकलेल्यांचा हात इथे अजूनही चुकतो.

तिसरा प्रश्न: त्याच बाजूला आणखी काय केलं?

खरी गुंतागुंत इथे आहे, म्हणून सावकाश.

लेझरने किंवा अन्य साधनाने युरेटरोस्कोपमधून खडा फोडला आणि त्याच बाजूला स्टेंट ठेवला, तर ५२३५६. हा कोड २०१४ मध्ये आला तोच मुळी या दोन गोष्टी एकत्र बांधण्यासाठी. त्याच बाजूला त्याच्यासोबत ५२३३२ किंवा ५२३५३ लावता येत नाही. खडा फोडला पण स्टेंट ठेवला नाही, तर ५२३५३. खडा न फोडता बास्केटने अख्खा ओढून काढला, तर ५२३५२. मात्र ५२३५२ मध्ये स्टेंट धरलेला नाही. स्टेंटही ठेवला असेल तर ५२३३२ वेगळा, मॉडिफायर ५१ सह (मॉडिफायर म्हणजे कोडला जोडायची दोन अक्षरांची खूण).

‘फोडलाही आणि बास्केटने काढलाही’ अशी नोट रोज येते. एकाच बाजूचे तुकडे बास्केटने गोळा करणं हा खडा फोडण्याच्या कामाचाच भाग आहे. तिथे ५२३५२ वेगळा मागू नका. एका बाजूला तीन खडे फोडले तरी कोड एकदाच. खडा मूत्रवाहिनीत होता की लवचिक दुर्बिणीने मूत्रपिंडात जाऊन फोडला, याने ५२३५६ बदलत नाही. आपल्याकडे पहिल्याला यूआरएसएल आणि दुसऱ्याला आरआयआरएस म्हणतात आणि बिलंही वेगळी होतात. इथल्या हॉस्पिटलातून अमेरिकन कामाकडे आलेल्या कोडरला म्हणून चुकल्यासारखं वाटतं, पण सीपीटीला ते चालतं.

निदानासाठी युरेटरोस्कोप वर नेला, खडा आधीच पडून गेलेला आढळला आणि सूज होती म्हणून स्टेंट ठेवला, तर ५२३५१ आणि ५२३३२. मूत्रवाहिनी इतकी अरुंद होती की युरेटरोस्कोप आत गेलाच नाही आणि फक्त स्टेंट ठेवून दोन आठवड्यांनी यायला सांगितलं, तर फक्त ५२३३२. बेत काय होता त्याचं बिल होत नसतं.

सिस्टोस्कोपी ५२००० कधीही वेगळी लागत नाही, कारण त्या दुर्बिणीशिवाय तिथे पोचताच येत नाही. ५२००५ चंही तेच. फ्लुरोस्कोपीचा ७६००० सुद्धा लावायचा नाही. रेट्रोग्रेड पायलोग्राम मात्र मिळतो: ७४४२०, मॉडिफायर २६ सह. पण डॉक्टरांनी त्या चित्रात काय दिसलं ते लिहिलेलं असेल तरच. ‘रेट्रोग्रेड पायलोग्राम केला’ एवढ्यावर भागत नाही. अडथळा कुठे, वरची मूत्रवाहिनी किती फुगलेली, असं काहीतरी वाचन हवं.

बाजूंबद्दल. ५२३३२ एका बाजूचा कोड आहे. दोन्ही बाजूंना स्टेंट असेल तर मॉडिफायर ५०. काही पेयर, म्हणजे विमा कंपन्या, एकाच ओळीत ५० मागतात, काही आरटी (उजवी) आणि एलटी (डावी) अशा दोन ओळी. क्लायंटची पेयर-शीट बघा. उजवीकडे खडा फोडून स्टेंट आणि डावीकडे नुसता स्टेंट असेल, तर ५२३५६-आरटी आणि ५२३३२-एलटी, दुसऱ्यावर ५९ (हे काम वेगळं आहे असं सांगणारा मॉडिफायर) किंवा पेयरला हवा असेल तर एक्सएस. इथे ५९ लावताना बिचकू नका, तो याचसाठी आहे. एकाच बाजूचा बंडल फोडायला ५९ वापरणं हा वेगळा प्रकार, आणि ऑडिटर आधी तोच शोधतो.

एक नोट जवळून

समजा नोट अशी आहे. शस्त्रक्रियापूर्व निदान: डाव्या मूत्रवाहिनीतला खडा. मथळा: सिस्टोस्कोपी, डावा रेट्रोग्रेड पायलोग्राम, डावी युरेटरोस्कोपी, लेझर लिथोट्रिप्सी, स्टोन बास्केटिंग, डावा स्टेंट. खालचा मजकूर:

‘मूत्राशय तपासलं, गाठ किंवा खडा नाही. डाव्या तोंडातून ५ फ्रेंच ओपन-एंडेड कॅथेटर घालून डाय सोडला. खालच्या मूत्रवाहिनीत ७ मिलिमीटरचा फिलिंग डिफेक्ट, त्यावर मध्यम हायड्रोयुरेटरोनेफ्रोसिस. गाइडवायर मूत्रपिंडापर्यंत नेली. सेमी-रिजिड युरेटरोस्कोपने खडा दिसला, होल्मियम लेझरने फोडला, तुकडे बास्केटने काढून तपासणीला दिले. ६ फ्रेंच, २६ सेंटीमीटर डबल-जे स्टेंट वायरवरून बसवला. फ्लुरोवर वरचं वळण रीनल पेल्विसमध्ये, खालचं मूत्राशयात प्रत्यक्ष पाहिलं. दोरा ठेवला आहे.’

मथळ्यात सहा गोष्टी आहेत. डॉक्टरांच्या क्लेमवर ओळी येतील दोन: ५२३५६-एलटी आणि ७४४२०-२६. पायलोग्राम मिळाला तो ‘फिलिंग डिफेक्ट’ आणि ‘हायड्रोयुरेटरोनेफ्रोसिस’ या वाचनामुळे. बाकीचं सगळं ५२३५६ च्या पोटात.

निदानाचं काय? मथळ्याखाली खडा एवढंच लिहिलंय, म्हणून पुष्कळ जण एन२०.१ टाकून पुढे जातात. पण सर्जनने स्वतःच हायड्रोनेफ्रोसिस (अडथळ्यामुळे मूत्रपिंड फुगणं) नोंदवलाय. एन२० खाली एक्सक्लुड्स१ टीप आहे: हायड्रोनेफ्रोसिससह असेल तर एन१३.२. एक्सक्लुड्स१ म्हणजे दोन्ही एकत्र लिहायचे नाहीत. इथे एकटा एन१३.२.

आता स्टेंटपासून पुढची सगळी वाक्यं काढा आणि त्यांच्या जागी हे घाला. ‘५ फ्रेंच ओपन-एंडेड कॅथेटर आत ठेवून फोलीला बांधला, उद्या काढायचा.’ बाकी शब्दही न बदलता कोड ५२३५३-एलटी होतो, कारण कॅथेटरायझेशन त्यात धरलेली आहे आणि डीजे स्टेंट ठेवलाच नाही.

निदानाच्या कोडबद्दल थोडं आणखी

स्टेंट का घातला हे निदानाच्या कोडवरून पेयरला कळतं. खडा असेल पण हायड्रोनेफ्रोसिस नसेल तर मूत्रपिंडात एन२०.०, मूत्रवाहिनीत एन२०.१, दोन्हीकडे एन२०.२. खड्यामुळे हायड्रोनेफ्रोसिस असेल तर एन१३.२. त्यात संसर्गही असेल तर एन१३.६, आणि जंतू कळला असेल तर बी९५ ते बी९७ मधला कोड जोडायचा. अडलेल्या मूत्रपिंडात संसर्ग ही युरॉलॉजीतली खरीखुरी इमर्जन्सी. रात्री दोन वाजता खडा तसाच ठेवून नुसता स्टेंट टाकला जातो तो अशाच वेळी. त्या चार्टमध्ये सेप्सिसची नोंद आहे का हे मुद्दाम शोधा. खड्याशिवाय अरुंदपणा आणि हायड्रोनेफ्रोसिस असेल तर एन१३.१, हायड्रोनेफ्रोसिस नसेल तर एन१३.५.

रुग्ण गरोदर असेल तर थांबा. गरोदरपणात अडकलेल्या खड्यासाठी स्टेंट टाकला जातो, आणि मग ओ अक्षराच्या प्रकरणातला कोड पहिला येतो, खड्याचा त्याच्यामागे.

स्टेंट सरकला तर टी८३.१२२, तुटला तर टी८३.११२, त्यामुळे संसर्ग झाला असं डॉक्टरांनी म्हटलं तर टी८३.५९२, दुखत असेल तर टी८३.८४एक्स. प्रत्येकाला सातवं अक्षर: उपचार चालू असेल तर ए. स्टेंटचा त्रास म्हणजे लगेच कॉम्प्लिकेशन, असं मात्र धरू नका. वारंवार लघवी होणं, लघवी करताना कमरेत कळ येणं, लघवी लालसर दिसणं हे स्टेंट असेपर्यंत बऱ्याच जणांना होतं, आणि डॉक्टर त्यावर टॅम्सुलोसिन देऊन घरी पाठवतात. कॉम्प्लिकेशनचा कोड डॉक्टरांनी तसा संबंध लिहिला असेल तरच.

काढणं आणि बदलणं

स्टेंट सिस्टोस्कोपने काढला तर ५२३१०, गुंतागुंतीचा असेल तर ५२३१५. महिनोन्महिने राहून क्षार चढलेला स्टेंट हा ५२३१५ चा नेहमीचा उमेदवार. नुसत्या काढण्यासाठीच्या भेटीला निदान बहुधा झेड४६.६. तो काढायला आलेला नसून दुसऱ्याच कारणाने आलाय आणि स्टेंट आत आहे, एवढंच सांगायचं तर झेड९६.०.

वरच्या नोटमधला दोरा आठवतो? दोरा ओढून क्लिनिकमध्ये स्टेंट काढला तर त्याला वेगळा सीपीटी कोड नाही. ते त्या दिवशीच्या ई अँड एममध्ये (डॉक्टरांच्या भेटीच्या कोडमध्ये) जातं. दुर्बीण न वापरता, एक्स-रेखाली युरेथ्रातून स्नेअरने काढला तर ५०३८६, काढून नवीन घातला तर ५०३८५. पाठीच्या वाटेने बदलला तर ५०३८२, नुसता काढला तर ५०३८४.

सिस्टोस्कोपने जुना काढून त्याच बाजूला नवीन घातला, तर ५२३३२ एकटा. ५२३१० च्या वर्णनात ‘सेपरेट प्रोसिजर’ लिहिलंय. मोठ्या कामाचा भाग म्हणून केलेलं ते काम वेगळं मोजत नाहीत. उजवा काढला आणि डावा घातला तर गोष्ट वेगळी, तिथे दोन्ही मिळतात.

मॉडिफायर ५८ (आधी ठरलेली पुढची प्रोसिजर) यावरून टीममध्ये वाद होतात, तेव्हा ग्लोबल पीरियड बघायचा, म्हणजे प्रोसिजरनंतरचे किती दिवस त्याच पैशांत धरलेले असतात ते. ५२३३२ चा ग्लोबल शून्य दिवसांचा, ५२३५६ चाही. या दोन्हींनंतर दोन आठवड्यांनी स्टेंट काढला तर ५८ ची गरज नाही. ईएसडब्ल्यूएलचा (बाहेरून शॉकवेव्हने खडा फोडण्याचा) ५०५९० मात्र ९० दिवसांचा. त्यासोबत ठेवलेला स्टेंट आधी ठरल्याप्रमाणे त्या काळात काढला, तर ५२३१०-५८. ठरलेलं नसताना त्रासामुळे पुन्हा ओटीत न्यावं लागलं तर मॉडिफायर ७८.

फॅसिलिटीच्या बाजूने

तुम्ही हॉस्पिटल आउटपेशंटचे चार्ट करत असाल तर स्टेंटचं उपकरणही कोड होतं: डिलिव्हरी सिस्टीमशिवाय सी२६१७, तिच्यासह सी२६२५, गाइडवायर सी१७६९. इम्प्लांट लॉग उघडून ताडा. नोटमध्ये एक आणि लॉगमध्ये दोन स्टेंट असतील तर पहिला वाया गेला का ते विचारावं लागतं.

इनपेशंट असेल तर आयसीडी-१०-पीसीएस, म्हणजे भरती रुग्णांच्या प्रोसिजरचे कोड. अडथळ्यासाठी घातलेला स्टेंट तिथे ‘डायलेशन’मध्ये जातो: उजवीकडे ०टी७६८डीझेड, डावीकडे ०टी७७८डीझेड, दोन्हीकडे ०टी७८८डीझेड. डावीकडच्या मूत्रवाहिनीतून खडा काढला तर सोबत ‘एक्स्टर्पेशन’चा ०टीसी७८झेडझेड. शिवाय इथे स्टेंट बदलणं एकाच कोडमध्ये उरकत नाही: जुना काढल्याचा ०टीपी९८डीझेड आणि नवीन घातल्याचा वेगळा.

पुण्यातल्या टीपीए डेस्कसाठी

आपल्याकडे कॅशलेसला सीपीटी कोणी मागत नाही. पण क्लेम फॉर्मच्या भाग बीमध्ये आयसीडी-१० आणि आयसीडी-१० पीसीएस असे रकाने आहेत, आणि तो भाग हॉस्पिटलने भरायचा असतो. बरेच जण आयसीडीच्या रकान्यात ‘कॅल्क्युलस’ लिहून मोकळे होतात. एन२०.१ किंवा एन१३.२ लिहायला तेवढाच वेळ लागतो आणि टीपीएची एक क्वेरी वाचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये हे दोन्ही कोड आहेत. अमेरिकन आवृत्तीतले लांबलचक टी८३.१२२ए वगैरे मात्र त्यात नाहीत, तिथे टी८३.१ वर थांबतं.

अनेक पॉलिसींमध्ये मूत्रमार्गाच्या खड्याला दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, म्हणून पहिल्या पानावरचं निदान आणि लक्षणं कधीपासून आहेत ती नोंद टीपीए बारकाईने वाचतो. ‘दोन दिवसांपासून पोटात दुखतंय’ आणि ‘जुना खडा’ ही दोन वाक्यं एकाच केसपेपरवर असतील तर डॉक्टरांकडून आधीच खुलासा घेऊन ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारतमध्ये पॅकेजचा कोड चालतो, तिथे यादीतलं पॅकेज आणि प्रत्यक्ष झालेलं काम जुळायला हवं.

आणि डिस्चार्ज कार्डवर स्टेंट काढण्याची तारीख ठळक लिहून द्या. हे कोडिंगचं काम नाही, कबूल. पण दुखणं थांबलं की माणूस आत नळी आहे हे विसरतो, आणि वर्षभराने खड्यांनी मढलेला स्टेंट घेऊन परत येतो. शिवाय स्टेंट काढणं हा दुसरा क्लेम असतो. तो डे-केअर म्हणून जाणार की पॉलिसीतल्या शस्त्रक्रियेनंतरच्या खर्चात बसणार, हे नातेवाइकांनी पहिल्याच वेळी विचारलं तर पुढची भांडणं टळतात.

शंका आली तर

नोटमध्ये बाजू लिहिलेली नाही, मथळ्यात उजवा आणि मजकुरात डावा आहे, दोन वळणं दिसल्याचा उल्लेख नाही, कॅथेटर काढला की ठेवला ते कळत नाही: अशा वेळी टार्गेट पुरं करायचं म्हणून अंदाजाने कोड टाकू नका. चार्ट होल्डवर टाका आणि डॉक्टरांना क्वेरी पाठवा.

क्वेरीत उत्तर भरवायचं नसतं. ‘हायड्रोनेफ्रोसिस होता ना? म्हणजे एन१३.२ लावता येईल’ ही क्वेरी ऑडिटमध्ये तुमच्याच अंगावर येईल. ‘मथळ्यात उजव्या बाजूचा, मजकुरात डाव्या बाजूचा उल्लेख आहे. कृपया प्रोसिजरची बाजू स्पष्ट करावी’ किंवा ‘शस्त्रक्रियेच्या शेवटी मूत्रवाहिनीत कोणतं उपकरण ठेवलं: डबल-जे स्टेंट, ओपन-एंडेड कॅथेटर, काहीही नाही, अन्य?’ असं विचारा. पैशांचा, कोडचा उल्लेख नको. डॉक्टरांनी उत्तर नोटमध्ये अॅडेंडम म्हणून, तारीख आणि सहीसह घातलं की मगच चार्ट होल्डवरून काढा.